आमटी वाढवली की झालं: पाच माणसं, पाच हजारांचा किराणा आणि एक चुकलेला हिशेब

इचलकरंजीतल्या एका यंत्रमाग कामगाराच्या घराचं हे प्रकरण आहे. जुलै ते डिसेंबर २०२४ या सहा महिन्यांतलं. महिला बचत गटांसोबत काम करताना मी या घरात जात होते. घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं मुद्दाम दिलेली नाहीत. घरच्या बाईंना मी वहिनी म्हणते, इथेही तेच ठेवलं आहे. आकडे आम्ही दोघींनी मिळून वहीत लिहिले तसेच आहेत.

पार्श्वभूमी

घरात पाच माणसं. वहिनी, त्यांचे मालक, सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई (त्यांना साखरेचा त्रास), नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. दोन खोल्या भाड्याच्या. मालक मागावर, वहिनी कांड्या भरायला (मागासाठी कांड्यांवर सूत गुंडाळायला) जातात. दोघांचाही पगार आठवड्याचा.

हा आठवड्याचा पगार नीट समजून घ्यावा लागतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. माग चालला तर मालकांना आठवड्याला ३,४०० पर्यंत मिळत. २०२४ च्या उन्हाळ्यापासून कापडाला उठाव नव्हता, पाळ्या कमी झाल्या आणि घरात २,७०० येऊ लागले. वहिनींचे ९००. म्हणजे चार आठवड्यांचे १४,४००. त्यातून भाडं ३,०००, कर्जाचा हप्ता १,८००, गॅस, लाइट बिल, सासूबाईंची औषधं, मुलीची शिकवणी, मोबाइल. हे सगळं गेलं की खाण्यासाठी पाच हजार उरतात, असं वहिनींनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. "पाच हजारांत भागतंय, ताई. कसंबसं, पण भागतंय."

मी त्यांच्याकडे गेले ते गटाचा हप्ता दोनदा चुकला म्हणून. किराण्याचा विषय नंतर निघाला.

अडचण

भागत नव्हतं. जुलैचे चार आठवडे आम्ही रोजची खरेदी लिहून काढली. पाच रुपयांचा बिस्किटपुडाही सोडला नाही. बेरीज आली ६,२०१ रुपये. वरचे बाराशे दुकानाच्या वहीत जात होते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात त्यांचं खातं होतं आणि त्यावर ४,८०० रुपये बाकी होती. चार महिने दरमहा बाराशे, हिशेब सरळ जुळला. त्या दिवशी वहिनी बराच वेळ वहीकडे बघत बसल्या. उधारी आहे हे त्यांना माहीत होतं, पण ती दर महिन्याला ठराविक मापाने वाढते आहे, हे तोवर कुणीच मांडून बघितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट खरेदीच्या पद्धतीची. पगार आठवड्याचा, त्यामुळे माल आठवड्याचा, आणि आठवड्याच्या शेवटी तर रोजचा. तूरडाळ पाव किलो, तेलाची छोटी पिशवी, चहाची दहा रुपयांची पाकिटं. पाव किलो डाळ ४८ रुपयांना, म्हणजे किलोला १९२. तीच डाळ पेठेत किलोने घेतली तर १६८. तेल छोट्या पिशव्यांतून लिटरला १४० पडत होतं, मोठी पिशवी ११२ ला होती. ज्वारी, शेंगदाणे, साखर, चहा सगळं धरून नुसतं थोडं थोडं घेतल्यामुळे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास जास्त जात होते. आणि उधारी असल्यामुळे दुसरीकडे जायची सोय नाही. ज्याचे पैसे द्यायचे आहेत त्याच्या दारावरून दुसऱ्या दुकानाची पिशवी घेऊन कसं जायचं?

तिसरी अडचण रेशनची. कार्ड केशरी, प्राधान्य कुटुंबातलं, कार्डावर नावं पाचही. अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी ५ किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच जणांचे २५ किलो यायला हवेत, येत होते १५. दोन्ही मुलांचे आधार कार्डाला जोडले गेले नव्हते. मुलाचं आधार तो दोन वर्षांचा असताना काढलेलं, त्यावर बोटांचे ठसेच नाहीत. मुलीच्या नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि रेशन कार्डावर दुसरं. दहा किलो धान्य म्हणजे या घराला बाजारभावाने चारशेची तरी भर होती.

शाळेतलं जेवणही मुलापुरतंच. पोषण आहार आठवीपर्यंत असतो. मुलगी नववीत गेली आणि वाढीच्या ऐन वयात तिचं दुपारचं ताट शाळेतून घरावर आलं.

पहिला निर्णय, आणि तो का चुकला

इथे मी चुकले. पाच हजारांचा आकडा समोर ठेवला आणि कात्री घेऊन बसले. तूरडाळ तीन किलोवरून दोन. दूध अर्ध्या लिटरवरून पाव लिटर. रविवारचं चिकन बंद. भाजीतले दोनशे कमी. बाराशे बावन्न रुपये सुटले, ६,२०१ चे ४,९४९ झाले. कागदावर हिशेब असा चोख बसला की मला समाधान वाटलं. ऑगस्टच्या पहिल्या तारखेपासून हे सुरू झालं. पहिले तीन आठवडे मी फोनवर विचारत राहिले आणि वहिनी "चाललंय की" म्हणत राहिल्या.

चौथ्या आठवड्यात संध्याकाळी सहज गेले तर जेवणाची वेळ होती. वहिनींनी पातेलं चुलीवरून उतरवलं, आमटी पळीने हलवून बघितली, तांब्यातलं पाणी घातलं, मीठ आणि चिमूटभर चटणी वरून टाकली आणि परत उकळी आणली. पळी वर उचलली तेव्हा डाळीचा दाणा दिसत नव्हता, पिवळसर लाल पाणी खाली पडत होतं. मुलगा, मालक, सासूबाई, मग मुलगी. प्रत्येकाला दोन पळ्या. वहिनी शेवटी बसल्या. भाकरी संपली होती. त्यांच्या ताटात भात, चटणी आणि पातेलं खंगाळून निघालेली अर्धी पळी.

मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "आमटी वाढवली की झालं. कुणाला कळतंय?"

पातेलं तेवढंच राहिलं, डाळ कमी झाली. म्हणून घरात कुणाची तक्रार नव्हती आणि म्हणून मला फोनवर सगळं ठीक ऐकू येत होतं. तीन किलो डाळीचे पाच माणसांत रोजचे माणशी २० ग्रॅम होतात. मी ते १३ वर आणले होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दोन हजार कॅलरींच्या दिवसाच्या ताटात ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं धरली आहेत. तिथपर्यंत या घराला पोचणं अवघडच आहे, पण मी त्यांना उलट्या दिशेला ढकललं होतं.

त्याच सुमाराला वस्तीत तपासणी झाली. वहिनींचं हिमोग्लोबिन ९.२, मुलीचं १०.१. हे तीन आठवड्यांत झालेलं नाही, आधीपासूनचं असणार. पण अशा घरात कात्री लावायची तर ती कुणाच्या ताटावर पडणार, हा प्रश्न मी आधी विचारायला हवा होता. खर्च कमी करा म्हटलं की घरातली बाई सगळ्यात आधी स्वतःचं कमी करते. तिला कुणी सांगावं लागत नाही, आणि ती ते वहीत लिहीत नाही.

पुन्हा मांडलेले पर्याय

ऑगस्टच्या शेवटी आम्ही परत बसलो. या वेळी सासूबाई आणि मालकही होते. योगायोगाने त्याच महिन्यात लाडकी बहीण योजनेचे जुलै-ऑगस्टचे मिळून ३,००० रुपये वहिनींच्या खात्यावर आले होते, त्यामुळे बोलायला काहीतरी हातात होतं.

सरळ पर्याय म्हणजे तीन हजार दुकानदाराला देऊन उधारी कमी करणं. मालकांचं मत तेच होतं. देणं डोक्यावर नको, हा त्यांचा विचार मला पटण्यासारखा वाटला. पण सगळे पैसे तिकडे गेले असते तर पुढच्या आठवड्याला परत पाव किलोचीच डाळ, आणि वहीत परत भर.

गटातून कर्ज काढून उधारी एकदम मिटवायची, हाही विचार झाला. आधीच एक हप्ता चालू होता आणि तोच चुकत होता. दुकानदार व्याज लावत नाही. त्याचं देणं फेडायला व्याजाचं देणं घेणं शहाणपणाचं नव्हतं. हा विषय लवकर मिटला.

सासूबाईंनी एक पर्याय काढला. मुलीने संध्याकाळी दोन-तीन तास कांड्या भरायला यावं, आठवड्याचे तीनशे तरी येतील. त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, त्यांनी स्वतः बाराव्या वर्षापासून काम केलं आहे. वहिनी तोवर शांत होत्या, त्या एवढंच म्हणाल्या, "ती धाव्वी होईस्तोवर कांडीला हात लावायची न्हाई." त्यावर कुणी परत बोललं नाही. सहा महिन्यांतला सगळ्यात ठाम निर्णय हाच होता, आणि तो पूर्ण त्यांचा होता.

मग चटणीवरून वाट सापडली. या घरात, आणि आजूबाजूच्या बहुतेक घरांत, वर्षाची कांदा-लसूण चटणी एप्रिलमध्ये एकदम होते. मिरची, धणे, खोबरं, लसूण आणायचं, भाजायचं, डंकावर कुटून घ्यायचं आणि बरणीत दाबून भरायचं. त्या वर्षाअखेरीला लसूण किलोला साडेतीनशे-चारशेवर गेला तेव्हा या घराला त्याची झळ जवळजवळ लागली नाही, कारण वर्षाचा लसूण बरणीत बसलेला होता. मी विचारलं, चटणीचे पैसे एकदम कसे उभे राहतात? भिशीतून. सहा बायकांची भिशी, उन्हाळ्यात प्रत्येकीला पाळीने रक्कम मिळते. मग डाळ-तेलासाठी तशीच भिशी का नको? हा प्रश्न वहिनींच्या शेजारणीने विचारला, मी नाही.

काय केलं

आधी तळ ठरवला. पाच हजारांचा आकडा बाजूला ठेवून, काय कमी होऊ द्यायचं नाही ते लिहिलं. डाळी-कडधान्यं साडेपाच किलो, शेंगदाणे दोन किलो, रोज अर्धा लिटर दूध, महिन्याला तीस अंडी (सासूबाई माळकरी, त्या खात नाहीत, त्यांच्यासाठी दुधातला वाटा), आणि रोज एक पालेभाजी. यात हात घालायचा नाही. जी काटकसर करायची ती उरलेल्यात.

साडेपाच किलो डाळ ऐकून मालक म्हणाले, "एवढ्याला पैसं?" आम्ही मांडून दाखवलं. तीन किलो तूर पावकिलोने घेऊन ५७६ रुपये जात होते. त्याऐवजी तूर एक किलो १६८, मसूर दीड किलो १३५, हरभरा डाळ एक किलो ९५, मटकी एक किलो ११०, हुलगे (कुळीथ) एक किलो ८०. एकूण ५८८. बारा रुपये जास्त आणि अडीच किलो माल जास्त.

तूरच का घेत होतात, असं मी वहिनींना विचारलं होतं. मला वाटलं होतं सवय किंवा चव. उत्तर कुकरमध्ये निघालं. कुकरची रिंग सहा महिन्यांपूर्वी गेली होती, वाफ धरत नव्हती. मटकी-हुलगे उघड्या पातेल्यात शिजवायचे तर तास-दीड तास गॅस जळतो आणि तेव्हा आठशेला असलेला सिलिंडर आठवडाभर आधी संपतो. मसूर लवकर शिजते, पण सासूबाईंच्या मते ती सणासुदीला चालत नाही. मी कडधान्यांचं महत्त्व सांगत होते तेव्हा वहिनी मान डोलवत होत्या. त्यांना माझ्यापेक्षा नीट माहीत होतं, अडलं होतं साठ रुपयांच्या रिंगेपाशी. रिंग आणली. हुलगे रात्री भिजत घालून सकाळी शिजवायचे, त्याच्या कटाचं संध्याकाळी माडगं, वर उसळ. मसूर आठवड्यातून दोनदा, आपल्याकडच्या अख्ख्या मसुरीसारखी दाट, भाकरीबरोबर. मुलांना ती तुरीच्या आमटीपेक्षा जास्त आवडली.

तीन हजारांचं असं केलं: दीड हजार दुकानदाराला, १,४०० भिशीत, शंभरात रिंग आणि उरलेल्यात मुलीचं काहीतरी.

दुकानदाराशी बोलायला वहिनी आणि मालक दोघं गेले. हे मी मुद्दाम सुचवलं होतं. बाई एकटी गेली असती तर त्याला वाटलं असतं की घरातल्यांना माहीत नाही. त्यांनी दीड हजार ठेवले, बाकी ३,३०० आठवड्याला दोनशे देऊन फेडू म्हणाले आणि नवीन उधारी करणार नाही असं सांगितलं. तो फारसा खूश नव्हता. उधारी फेडणारं गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, हा त्याचा अनुभव. म्हणून चहा, मीठ, पोहे, साबण त्याच्याकडूनच रोखीने घ्यायचं ठरलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. माग बंद पडले, घरात कुणी आजारी पडलं, तर पहिला आठवडा हेच दुकान सांभाळतं. महागडं असलं तरी ते खातं या घरांचा विमा आहे, ते तोडून पेठेत चार रुपये वाचवणं धोक्याचं ठरलं असतं.

भिशी सहा घरांची. चौघींचे योजनेचे पैसे आले होते, त्यांनी १,४०० एकदम भरले. दोघींच्या बँक खात्याला आधार जोडलेलं नव्हतं म्हणून पैसे अडकले, त्यांनी दोन टप्प्यांत दिले. जमले ८,४००. सप्टेंबरच्या सुरुवातीला दोघीजणी पेठेत जाऊन डाळी, साखर, शेंगदाणे, चहा आणि तेलाचा डबा घेऊन आल्या. वाटप आमच्या वहिनींच्या खोलीत झालं. वजनकाटा एकीने भाजीवाल्या भावाकडून आणला. डाळींचं सोपं गेलं, तेलाला वेळ लागला. डब्यातून लिटरच्या मापाने ओतताना शेवटी थोडं कमी पडलं आणि थोडी कुरबूर झाली. पुढच्या वेळी डब्याऐवजी लिटरच्या पिशव्या घ्यायच्या ठरल्या, किलोमागे चार पैसे जास्त गेले तरी चालतील. पिशवीवरचं वजन वाचायचं हेही ठरलं. सोयाबीनचं एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, आणि दिसायला तेवढ्याच असलेल्या काही पिशव्यांवर त्यापेक्षा कमी लिहिलेलं असतं.

त्यानंतर पंधरा दिवसांत तेल भडकलं. १४ सप्टेंबरपासून केंद्राने आयात खाद्यतेलावरचं शुल्क वाढवलं आणि आमच्याकडे लिटरमागे वीस रुपये चढले. ११२ चं तेल १३२ झालं. वर्गणी आठवड्याला ३५० ची ३७० करावी लागली. या घराने तेल चार लिटरवरून तीनवर आणलं होतं. भाव ११२ च राहिला असता तर त्यात एकशे बारा वाचले असते, प्रत्यक्षात बावन्नच. पण चार लिटर चालू ठेवलं असतं तर तळाला हात लागला असता.

मालकांच्या पुड्या

हा भाग लिहू का असं मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, लिवा.

मालक पगारातले तीनशे-साडेतीनशे बाजूला काढून उरलेले घरात देत. त्यात दिवसाला माव्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) तीन पुड्या. हा खर्च आमच्या वहीत नव्हताच, कारण वही घरखर्चाची. मी तो विषय काढला नाही. बाहेरच्या बाईने काढला असता तर भांडण झालं असतं आणि त्याचा त्रास मी गेल्यावर वहिनींना झाला असता. काढला सासूबाईंनी, सगळे बसलेले असताना: "तुझ्या पुड्या धरल्यास का रं हिशेबात?"

ते उठून बाहेर गेले. मला वाटलं बैठक संपली. अर्ध्या तासाने परत आले आणि स्वतःच बोटांवर मोजलं: पंधरा रुपयांची पुडी, तीन, पंचेचाळीस, महिन्याला १,३५०. घराच्या सगळ्या डाळींच्या दुपटीपेक्षा जास्त. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून लागते, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. बारा तास मागाच्या आवाजात उभं राहणाऱ्याला मी काय सांगणार. ते एका पुडीवर आले. आठवड्याला दोनशे जास्त घरात देऊ लागले, आणि तेच दोनशे थेट दुकानदाराला जाऊ लागले. मधे दोन आठवडे घसरले. दिवाळीनंतर परत सावरले.

काय साधलं, काय नाही

नोव्हेंबरची बेरीज ५,१५१ रुपये आली. पाच हजारांत बसली नाही. पण त्यात साडेपाच किलो डाळ, तीस अंडी, दोन रविवारी चिकन आणि पूर्ण दूध होतं, तेलाचा वाढलेला भाव होता आणि साठ-सत्तर रुपयांचा कांदाही होता. साखर चारवरून अडीच किलोवर आली. बिस्किट-वेफर्सच्या पाकिटांचे ५६० होते ते १६० झाले. त्याजागी शेंगदाणे-गूळ डब्यात. मुलाने दोन आठवडे रुसवा धरला आणि मग सोडून दिला. भाजी संध्याकाळी सातनंतर, बाजार उठायच्या वेळी. पोकळा, शेपू, तांदळी जे स्वस्त असेल ते.

वरचे दीडशे लाडकी बहीणच्या पैशांतून गेले. बाकीचे वहिनींच्या खात्यावर राहिले, आणि तसे राहावेत असं मी आग्रहाने म्हटलं. त्या पैशावर महिन्याचा किराणा बांधता येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे एकदम ऑक्टोबरमध्ये आले, डिसेंबरचे महिना संपता संपता. ज्याची तारीख आपल्या हातात नाही त्याच्यावर डाळ अवलंबून ठेवू नये.

रेशनचं काम अर्धं झालं. मुलाचे ठसे आधार केंद्रात दिले, मग दुकानातल्या मशीनवर जोडणी, मग कार्यालयात दोन खेपा. प्रत्येक खेपेला वहिनींचा अर्ध्या दिवसाचा पगार बुडाला. डिसेंबरपासून त्याचे पाच किलो सुरू झाले आणि त्या महिन्याचा खर्च दोनशे दहाने उतरून पहिल्यांदा पाच हजारांच्या आत, ४,९४१ वर आला. मुलीचं अडकलं. नावाच्या दुरुस्तीला जन्मदाखला लागतो, तो वहिनींच्या माहेरच्या तालुक्यातून आणायचा आहे.

दुकानदाराचे डिसेंबरअखेर पाचशे राहिले. भिशीतल्या एकीने ऑक्टोबरमध्ये आजारपणामुळे नाव काढून घेतलं, तिची भरलेली रक्कम परत दिली. आता पाचजणी आहेत.

हिमोग्लोबिन डिसेंबरमध्ये वहिनींचं १०.३, मुलीचं ११. याचं श्रेय ताटाला किती आणि आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांना किती, हे मी सांगू शकत नाही. डाळ माणशी साधारण ३७ ग्रॅमवर आली आहे. जेवणावर लगेच चहा घ्यायची सवय मुलीने सोडली, वहिनींनी नाही.

आता पुन्हा करायचं तर

पैशांच्या वहीआधी मी ताटांची वही घालीन. एक आठवडा, संध्याकाळच्या जेवणाला कोण कधी बसलं आणि कुणाच्या ताटात काय आलं. दोन ओळी पुरतात. ते हाती असतं तर ऑगस्टचे तीन आठवडे वाया गेले नसते, आणि मी फोनवरच्या "चाललंय की"वर विश्वास ठेवला नसता.

रेशनचं काम जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू करायला हवं होतं. काटकसरीच्या चर्चेत आम्ही दीड महिना घालवला. कागदाला चार महिने लागतात, तर कागद आधी.

मालकांना पहिल्या दिवसापासून बसवायला हवं होतं. किराणा म्हणजे बायकांचा विषय, हे गृहीत मी स्वतःच धरलं होतं. आणि चूल बघायला हवी होती: कुकर धरतो का, गॅस किती दिवस जातो. कुठली डाळ परवडते याचं उत्तर दुकानात अर्धंच मिळतं.

वहिनींनी मात्र एक गोष्ट बदलली ती मी सुचवलेली नव्हती. आता त्या आमटी गॅसवरून उतरल्यावर आधी मुलीचं आणि स्वतःचं वाढून झाकून ठेवतात, मग बाकीच्यांना वाढतात. सासूबाई पहिल्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ताटावरची झाकणी त्यांनीच शोधून दिली.

हे लिहिताना भिशीत शाळूची (रब्बी ज्वारीची) चर्चा चालू आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवा शाळू बाजारात आला की पन्नास किलोचं पोतं घ्यायचं, म्हणजे या घराची चार महिन्यांची भाकरी होते. पोत्याला २,२०० च्या आसपास लागतील. वहिनींचे चारशे जमले आहेत.